कालव्यातला केळीचा बुंधा

कालव्याचं पाणी नाकातोंडात जात होतं आणि माझा मुलगा काठावर उभा होता. मी ओरडले, "आरं, हात दे!" त्यानं हात दिला नाही. पाठ फिरवून पळाला.

मला वाटलं, संपलं.

तो परत आला तो केळीचा बुंधा ओढत. आमच्या अर्धापूरला घड उतरवले की बुंधे तोडून काठाला टाकून देतात. त्यानं तो माझ्यापुढं लोटला. "माय, धर!" मी मिठी मारली. दुसरं टोक धरून तो ओढत राहिला. उतारावर शेवाळ, माझा पाय ठरेना. तेवढ्यात शेजारीण धावत आली आणि तिनं दंडाला धरून मला वर घेतलं.

मुलगा भंते आहे, बौद्ध भिक्खू. त्या दिवशी आमच्या घरी भोजनदानाला आला होता. त्याचं जेवण उरकून मी भांडी घासायला कालव्यावर गेले आणि घसरले. भंतेनं बाईला हात लावायचा नसतो. आईलाही नाही.

शेजारीण गप्प बसणारी नाही. "भंतेजी, मायला धरलं असतं तर हात झडला असता का?"

तो आमच्यामागून घरी आला.

लुगडं बदलून मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, आता सांग. तो म्हणाला, विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवर जुन्या आचार्यांनी लिहून ठेवलंय. आई वाहून चालली तर तिला हातानं धरू नये. नाव, फळी, नाहीतर केळीचा बुंधा पुढं करावा. तिनं धरला की ओढावं.

म्हणजे आई पाण्यात पडणार, हे धरून कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. मी चौथी शिकलेली. मला त्यात चूक दाखवता येईना आणि पटेनाही.

"अन् बुंधा नसता तर?"

"अंगावरचं चीवर टाकलं असतं."

"चीवर पुरलं नसतं तर?"

त्याच्या बोटांना केळीचा चीक लागून काळे डाग पडले होते. ते तो घासत बसला. भिक्षापात्र उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग विहाराकडं निघून गेला.

त्यानंतरही तो जेवायला येतो. मी वाढते, वंदन करते, पण तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. कालव्याला पाणी सुटलं की मात्र घरात पाय ठरत नाही. काठापर्यंत जाते, बुंधे पडलेत का बघते, परत येते. पुन्हा जाते.

भांडी वाहून गेली. मी वाचले, आणि तो अजून भंतेच आहे.