शून्य कुणी ठरवलं?

तुमचं गणित फळ्यावर अर्धं असताना तुम्हाला कधी कुणी खाली बसवलंय?

मला बसवलं. रत्नागिरीत, एम.एस्सी.च्या वर्गात, माझ्या प्रकल्पाच्या सेमिनारला. मी सावर्ड्याकडची, बौद्धवाडीतली. विषय क्वांटम टनेलिंग. कणाची ऊर्जा अडथळ्यापेक्षा कमी असली तरी तो कधी कधी पलीकडे सापडतो. माझा अडथळा मध्यावरच्या एका बिंदूशी अनंत उंच होत जाणारा. पुस्तकात उत्तर शून्य, पलीकडे काहीच जात नाही. पण अडथळ्याची तीव्रता एका मर्यादेच्या खाली असेल, तर हे शून्य नुसत्या समीकरणातून येत नाही. त्या बिंदूवर कुठली अट लावायची ते गणित करणाऱ्याला निवडावं लागतं. पुस्तकाने एक निवडली होती. मी दुसरी लावत होते.

मार्गदर्शक सर मागच्या बाकावरून म्हणाले, "म्हणजे अनंत उंच भिंतीतूनही तुम्हाला सवलत पाहिजे?"

'तुम्हाला' म्हणजे कुणाला, ते वर्गाला कळलं. वर्ग हसला. मीही हसले. हे लिहिताना अजून लाज वाटते.

"बस खाली. पेंडुलम घे. झेपेल असं काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी विषय बदलाचा फॉर्म हातात. छापलेलं होतं, 'मी स्वेच्छेने विषय बदलत आहे.' सरांच्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नाही. प्रकल्पाशिवाय पदवी नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "कर गो सही. डिग्री हातात येऊ दे, मग काय ता बोल."

पेन उघडलं. तो शब्द पुन्हा वाचला. स्वेच्छेने. अपमान त्यांनी करायचा, आणि इच्छा माझी होती असं मीच लिहून द्यायचं.

शब्द खोडला. वर लिहिलं, 'सरांच्या सांगण्यावरून'. मग सही केली.

सरांनी कागद परत सरकवला. "असलं चालत नाही. कोरा आण."

"कोरा नाही आणणार, सर. माझ्या गणितात चूक कुठे आहे ते लिहून द्या."

"फार शहाणी झालीस."

आता जुना विषय मंजूर नाही, नवा मी घेत नाही. चूक लिहून मागायला रोज विभागात जाते. रोज बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात. त्याच बाकावर उरलेलं गणित संपवलं. शून्य येत नाही. ते फाडून मी पेंडुलम लिहिणार नाही. पदवी अडली तरी नाही.

आणि ही भिंत म्हणजे समाज वगैरे कुणी सांगू नका. हे भौतिकशास्त्र आहे. ते माझंही आहे.

सोमवारी अकरा वाजता विभागाच्या व्हरांड्यात मी ते सगळं मांडणार आहे. या. गणित येत असेल तर चूक काढा. येत नसेल तरी या, आणि माझी शेवटची ओळ लिहून होईपर्यंत हलू नका.