सुभेदारांची फिल्टर-परेड

पाण्याला इतका मान देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. माणसं देवाला मान देतात, जावयाला देतात, बदलीचा हुकूम खिशात घेऊन फिरणाऱ्या साहेबाला तर देतातच देतात. आमचे विश्रामबागचे घरमालक पाण्याला देत. ते मूळचे कायम दुष्काळी अशा माण तालुक्यातले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत घर बांधलं, ते केवळ म्हातारपण नदीच्या गावात काढायचं म्हणून. मी तेव्हा तिथल्या एका शाळेत मास्तर होतो आणि जागा शोधत त्यांच्या दारी गेलो होतो. भाडं, अनामत, बायकामुलं, जात, त्यांनी काही विचारलं नाही. "दाढीला पानी किती घेता, मास्तर?" एवढाच प्रश्न. मी म्हणालो, "अर्धा पेला." मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या.

त्यांच्या घरात पाणी एकदा वापरून कधी सुटत नसे. तांदळाचं धुवण तुळशीला, आंघोळीचं नारळाला, आणि कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणात शिंपडायला. लग्नाच्या पंगतीतून लोक उठले की हे उष्ट्या पेल्यांतलं पाणी बादलीत जमा करीत आणि मांडवाच्या दारी बांधलेल्या केळीला घालीत. ती केळ तोडून आणलेली असते, तिला मूळ नसतं, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. "नसू द्या की. तहान तर लागत आसंल," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या खांबाच्या केळीलाही घातलं. संध्याकाळी फिरायला म्हणून मला कृष्णेच्या घाटावर नेत आणि तिथं पाण्याकडे पाहत उभे राहत. शेजारी पोरंबाळं घेऊन बसलेल्या माणसांचा त्यांना भयंकर राग येई. "एवढं पानी चाललंय समोरनं, आन् लोकं भडंग खात्यात!" असं ते मोठ्याने म्हणत, आणि मला माझ्या हातातला पुडा पाठीमागे न्यावा लागे.

अशा माणसाने घरात मासे पाळावेत हे त्यांच्या गावाकडच्यांना मुळीच पटत नसे. पाहुणे येत, बाहेरच्या खोलीतली ती लोखंडी चौकटीची काचेची पेटी बघत आणि विचारत, "आवं, एवढं पानी नुस्तं बगायला?" सुभेदारांना नेमकं तेच हवं असे. कुठल्या तरी छावणीत साहेबांच्या मेसमध्ये त्यांनी जवानपणी अशी पेटी पाहिली होती आणि पेन्शनीत गेल्यावर आपली एक करायची हे तिथंच ठरवलं होतं. माशांना त्यांनी हुद्दे दिले होते. सगळ्यांत थोराड नारिंगी गोल्डफिश होता तो मेजरसाहेब. त्याला दाणे घालताना ते उगीच ताठ उभे राहत. बारकी काळी मंडळी शिपाई. एका काळ्याला बढती देऊन हवालदार केलं होतं, पण त्याने स्वतःचीच पिल्लं खाल्ली, तेव्हा त्याला पुन्हा शिपाई करण्यात आलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या निकालावर खूश होत्या.

पण सुभेदारांचं खरं दर्शन व्हायचं ते रविवारी सकाळी, फिल्टर साफ करताना. हा फिल्टर म्हणजे पेटीच्या कोपऱ्यात बुडवून ठेवलेला प्लास्टिकचा डबा. त्यात खाली खडे, मध्ये कोळसा आणि वर काचेच्या तंतूंचा कापूस. पंपाच्या हवेवर पेटीतलं पाणी त्यातून फिरे आणि सगळा गाळ कापसात अडके. गोम अशी की डबा वर काढताना जरा हिसका बसला, की आठवडाभराचा गाळ पुन्हा पाण्यात. म्हणून रविवारी घरात परेड असे. हाताला वास लागू नये म्हणून सुभेदार त्या दिवशी साबणाशिवाय आंघोळ करीत. मग "पंप बंद!" अशी आरोळी. बटणापाशी उभ्या असलेल्या काकू आतून "बंद हाय!" असं उत्तर देत. त्यानंतर गाळ बसेपर्यंत घरात कुणी चटणी कुटायची नाही, पाय आपटत चालायचं नाही. एकदा नेमका त्याच वेळी गल्लीत भाजीवाला ओरडायला लागला, तर त्याने पुढे जावं म्हणून त्याची सगळी मेथी यांनी विकत घेतली. आठवडाभर आम्ही दोन्ही घरं मेथी खात होतो. सगळं शांत झालं की ते एक रुंद तोंडाची तपेली पाण्यात अलगद बुडवीत, डबा पाण्यातल्या पाण्यातच तिच्यात सरकवीत आणि तपेलीसकट वर घेत. सुटलेला गाळ तपेलीत, पेटीतलं पाणी जसंच्या तसं. मग पेटीतलंच थोडं पाणी बादलीत घेऊन त्यात तो कापूस हलक्या हाताने खळबळायचा. "पिळायचा न्हाई, मास्तर, गोंजारायचा. आन् समदी घान काढायची न्हाई. थोडी ऱ्हाऊ द्यायची. त्या घानीवर मासं जगत्यात." उरलेलं काळं पाणी अर्थात जास्वंदीला जाई.

दुसऱ्याचा फिल्टर त्यांना पसंत पडत नसे. आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात बाकासमोर अशीच एक पेटी ठेवली होती. सुभेदार एकदा सुजलेला गाल घेऊन तिथं गेले, पेटीचा फिल्टर पाहिला आणि नंबर आलेला असताना उठून घरी आले. "ज्याला डब्यातली घान दिसंना, त्यो दातातली काय काढनार?" असं सांगून त्यांनी लवंगेवर तीन दिवस काढले.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एक-दोन वर्षांनी त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडे आली. सगळे तिला आक्का म्हणत. सुभेदारांची आई लहानपणीच गेली, तेव्हा या बहिणीने एका कडेवर भावाला आणि डोक्यावर हंडा घेऊन त्याला वाढवलं. नवरा गेल्यावर ती गावी दोन शेळ्या घेऊन एकटीच राहत होती. "माज्याकडं चल," म्हणून सुभेदार किती वर्षं तिच्या मागे लागले होते, आणि ती दरवेळी म्हणे, "भावाच्या दारात बसून खायाला मी काय लुळीपांगळी हाय?" आता गुडघ्यांनी दावा मांडला म्हणून ती आली होती, तीही अट घालून. "महिनाभर बगते. हाताला काम आसंल तर ऱ्हाईन. न्हाईतर मला माजी शेरडं बरी." सुभेदारांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. बहीण राहिली पाहिजे, बस. पण काकू उरकाच्या. आक्का उठायच्या आत सडा झालेला, भांडी पालथी पडलेली. आक्का नुसती या दारातून त्या दारात फिरे, आणि तिचं गाठोडं खुंटीवर बांधलेलंच असे.

एके दिवशी सुभेदार पेन्शनीच्या कामाला आणि काकू बाजारात गेलेल्या असताना आक्काला काम सापडलं. पेटीतला तो काळपट डबा तिच्या डोळ्यांत खुपला. पंप चालू असतानाच तिने तो हात घालून उपसला. पाणी गढूळ झालं, तसं तिने निम्मं पाणी काढून टाकलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. मग डबा, खडे, कापूस, सगळं नळाखाली राख आणि काथ्या घेऊन घासलं. घरातला एक पितळी तांब्यासुद्धा इतका कधी चकाकला नव्हता.

सुभेदार आले तेव्हा मी ओट्यावरच होतो. आत पाऊल टाकताच त्यांना पेटी दिसली. मेजरसाहेब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते आणि शिपाई तिरके पोहत होते. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. पदराला हात पुसत आक्का म्हणाली, "बग, कसं लख केलं! किती रं घान ठेवली व्हतीस? आन् ऐक, हयातीत पयल्यांदा मी आज बादल्यावर बादल्या पानी सांडलं. तुज्या माशांसाठी."

सुभेदारांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "झ्याक, आक्का," ते म्हणाले. "आसं मला बी कवा जमलं न्हाई."

मग बाहेर येऊन त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, सायकल काढा." तपेली पोटाशी धरून ते मागे बसले. वाटेत मी म्हटलं, "अहो, आक्कांना नीट समजावून सांगितलं तर?" "तर ती पयल्या यष्टीनं जाती," ते म्हणाले, "आन् परत येत न्हाई. मी वळखतो तिला." मी पायडल मारत राहिलो.

सायकल थांबली ती दातांच्या डॉक्टरांच्या दारात. बाकावर माणसं गाल धरून बसली होती. सुभेदारांनी तपेली पुढे केली आणि टाचा जुळवून म्हणाले, "डॉक्टर, थोडी घान पायजे." डॉक्टरांनी सवयीने त्यांना खुर्ची दाखवली. सगळं कळल्यावर मात्र तो भला माणूस पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून उठला आणि आपल्या फिल्टरमधला निम्मा कापूस, गाळाने काळा झालेला, स्वतःच्या हातांनी तपेलीत घातला. त्याआधी डॉक्टरांनी पाण्यात हात घालून आपला डबा हिसक्याने उपसला, पेटीभर धुरळा उडवला. पण सुभेदारांनी ब्रही काढला नाही. मागून आणलेली ती घाण त्यांनी घरी येऊन, आक्का देवळात गेली आहेसं पाहून, आपल्या डब्यात भरली. डॉक्टरांच्या पेटीतलं दिलेलं जुनं पाणीही हळूहळू ओतलं.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब खाली उतरले. दोन शिपाई मात्र कामी आले. त्यांना सुभेदारांनी पहाटेच जास्वंदीखाली पुरलं. आक्काने दुपारी विचारलं, "ती दोन काळी कुटं गेली रं?" "बदली झाली," सुभेदार म्हणाले.

त्याच आठवड्यात ते मिरजेला जाऊन हुबेहूब तसाच दुसरा डबा घेऊन आले. तेव्हापासून दर रविवारी खरा फिल्टर ते आक्का देवळात असताना उरकून घेत. परेड बंद झाली. आरोळ्या नाहीत, काही नाही. चोराने घरफोडी करावी तसं सगळं चिडीचूप. मग आक्का आली की तिच्या हाती दुसरा डबा देत, आदल्या रात्री मुद्दाम चुलीचा कोळसा आणि माती चोळून मळवलेला. आक्का तो तासभर घासे. आणि ज्या माणसाने मला दाढीच्या पेल्यावर तोललं, तो शेजारी उभा राहून म्हणे, "घे अजून पानी, आक्का. सांडू दे." महिना झाला, वर्ष झालं. खुंटीवरचं गाठोडं कधी सुटलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. निघायच्या दिवशी माझी बायको आक्काच्या पाया पडायला गेली, तर ती नळाखाली डबा घासत बसली होती. बायकोने आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, "आक्का, तुमच्यामुळं मासे सुखी आहेत हो." आक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "ह्यो डबा पान्यात जात न्हाई, पोरी. जगात चुलीचा कोळसा हागनारं मासं आस्त्यात व्हय? मला पयल्या रविवारीच कळलं." "मग घासता कशाला?" बायकोने विचारलं. आक्काने काथ्या राखेत बुडवला. "त्याला वाटतंय, माज्यावाचून त्याचं आडतंय आसं मी धरून चाललीय. आसंच वाटू दे त्याला. रातभर कोळसा चोळत बसतंय बिचारं."

सामान चढवलेल्या टेम्पोत बायकोने मला हे सांगितलं तेव्हा सुभेदार फाटकाशी हात हलवत उभे होते. उतरून त्यांना सांगावं असं मला क्षणभर फार वाटलं. मी उतरलो नाही. आता दोघंही नाहीत. आक्का आधी गेली, त्याच घरातून. आणि आपण शेवटपर्यंत बहिणीला फसवलं, या समाधानात काही वर्षांनी सुभेदारही गेले.