लाडकीनं पकडलेला सिग्नल

उमरोळीपलीकडच्या पाड्यावरची लाडकी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आणि वायफाय सांभाळायची. महिनाभर रोज दुपारी गोदामातलं वायफाय तुटायला लागलं, माल भरणं अडू लागलं. तेव्हा तिचे वरिष्ठ रामनाथ सर मालकीण रूपल मॅडमपुढे, अख्ख्या ऑफिसदेखत म्हणाले, "डोंगरातल्या पोरीच्या हाती यंत्रं दिली की असंच व्हायचं."

लाडकीला गेटवर बसवलं. पगार कापला नाही, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. तिला आता रामनाथची मान खाली गेलेली बघायची होती.

ती गेटवर गेली तरी वायफाय रोज तुटतच होतं. ते कुणीतरी मुद्दाम पाडतंय, असा तिला संशय होता. पाडणाऱ्याचा सिग्नल हवेतच पकडायला तिनं बोईसरहून यूएसबी वायफाय अडॅप्टर आणला. त्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली हवी, म्हणून विंडोजच्या लॅपटॉपवरच व्हर्च्युअल मशीन उभं केलं. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. पण अडॅप्टर लावला की विंडोजच तो बळकावायचं, आतल्या मशीनला दिसायचाच नाही. दोन रविवार वाया गेले. तिसऱ्या रविवारी तिनं मशीन बंद करून सेटिंगमध्ये यूएसबी ३ निवडलं, अडॅप्टर थेट आतल्या मशीनलाच मिळावा म्हणून त्याच्या नावानं फिल्टर टाकला, मशीन चालू करून अडॅप्टर काढून पुन्हा खोचला. आतल्या यादीत त्याचं नाव उमटलं.

"आता सोडत नाय तुला," ती पडद्याकडे बघत पुटपुटली.

"मॅडम, एक दुपार द्या. चुकले तर गेटवरूनही काढा," तिनं सोमवारी रूपल मॅडमना सांगितलं.

त्याच दुपारी अडीचला वायफाय तुटलं. पडद्यावर कनेक्शन तोडणाऱ्या खोट्या संदेशांची रांग लागली. लाडकी लॅपटॉप घेऊन चालू लागली, मागोमाग मॅडम आणि सगळं ऑफिस. सिग्नल वाढत वाढत रामनाथच्या टेबलाशी सगळ्यात जोरात आला.

"सर, खण उघडा."

खणात ते खोटे संदेश सोडणारं काडेपेटीएवढं यंत्र लुकलुकत होतं. लाडकीला हटवून तिचं काम मेव्हण्याला द्यायचा रामनाथचा बेत होता; तो रुजू होईपर्यंत वायफाय पाडत राहायचं होतं.

त्यानं हात जोडले. "लाडकीताई, मॅडमना सांगा ना. नोकरी जाईल माझी."

"आधी माफी मागा. मला बोललात तसंच, मोठ्यानं."

त्यानं मागितली. लाडकीनं शांतपणे ऐकून घेतली.

"ऐकलं. पण तुमच्यासाठी शब्द टाकणार नाय."

रामनाथची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. घरी आईनं सगळं ऐकून विचारलं, "तुला जरापन वाईट नाय वाटला?"

लाडकीनं खरंच आठवून बघितलं. "नाय," ती म्हणाली, आणि तिनं आणखी भात वाढून घेतला.