नातीच्या स्वेटरात गरम भाकर

बायांनो, आज मला लई आनंद झालाय, म्हणून लिहून राह्यले.

आमची नात सायकलवर आष्टीच्या शाळेत जाती. काल गार वाऱ्यानं छाती भरली, तर अर्ध्या रस्त्यातून माघारी आल्ती. आज मंग मी बाजरीची गरम भाकर फडक्यात गुंडाळून स्वेटरच्या आतून तिच्या छातीला बांधली.

"आजी, पोरी हसतील!"

"हसू दे. शाळा तर बुडणार न्हाई."

सून म्हणे, नवीन जाकीट आणू. आणा की, पण थंडी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबती का?

संध्याकाळी नात पळतच आली. "आजी, शाळेपर्यंत ऊब होती! मधल्या सुट्टीत तीच भाकर खाल्ली. उद्या माझ्या मैत्रिणीलाबी बांधशील? तिला आजी न्हाई."

न्हाई कशी? मी हाय की!

बायांनो, तुमच्याकडं सायकलवाल्या लेकरांना थंडीत काय बांधता?