मायच्या तोंडचा टीव्ही

माय गेल्यावर नाना रडले नाहीत, हीच त्या दिवसांत आमच्या घरातली सगळ्यात मोठी काळजी होती. स्मशानात नाहीत, दिवसकार्याच्या गंधमुक्तीला नाहीत, भेटायला आलेल्या बायकांनी ओट्यावर गळा काढला तेव्हाही नाहीत. धरणगावच्या घरात पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसून राहायचे आणि पुढ्यातला चहा गार व्हायचा. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्याच गल्लीतली माझी आत्या, मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊना मनमा बठ्ठं कोंडाई गयं. रडाले पाह्यजे, नई ते मानूस खची जास." मी धुळ्याला नोकरीला. शनिवारी एसटीने यायचे, सोमवारी पहाटे परत. दर खेपेला बाप आदल्या खेपेपेक्षा थोडा आखडलेला दिसायचा.

शेवटी माझ्या भावाने उपाय काढला. तो आणि वहिनी नानांजवळच राहतात. या माणसाकडे प्रत्येक दुःखावर एक वस्तू असते. मला मूल होणार नाही हे नक्की झालं तेव्हा त्याने मला मिक्सर आणून दिला होता. नानांसाठी त्याने मोठा, भिंतीवरचा टीव्ही घ्यायचं ठरवलं. मन रमेल, म्हणाला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असं मी त्याला तोंडावर बोलले. पण दुसरा बंब माझ्याकडेही नव्हता. आत्याने मात्र घर डोक्यावर घेतलं. वर्ष सरलं नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात ती मायची पहिली घागरसुद्धा भरली गेली नाही, आणि घरात नवी वस्तू? भावाने तिला समजावलं की ही वस्तू नाही, औषध आहे. ती फणफणत उठून गेली.

नानांच्या कानांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नाना जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या धडधडीत त्यांचं उभं आयुष्य गेलं आणि त्या धडधडीनेच त्यांचे कान खाल्ले. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्या मारतं म्हणून त्यांनी तंबाखूच्या डब्यात टाकून दिलं. नजरही अधू झालेली.

तरी टीव्ही त्यांनी कधी चुकवला नाही, कारण त्यांना टीव्ही माय सांगायची. आमचा जुना डब्याचा टीव्ही, चित्र हिरवट, प्रत्येक माणसाशेजारी त्याची सावली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून माय खाटेवर नानांच्या उजव्या हाताला बसायची आणि पडद्यावर कोणी काही बोललं की त्यांच्या कानात ओरडून सांगायची. "सासू म्हनस, मना हार कोठे गया?" "सून म्हनस, मी नई देखा!" सीरियल बंगल्यातल्या शहरी लोकांची असायची, पण मायच्या तोंडातून निघेपर्यंत ती धरणगावची होऊन जायची. कंपनीचा मालक मुकादमासारखा खेकसायचा, आणि गोरीपान सून सासूला "व माय" म्हणायची. मला त्या ओरडण्याची चीड यायची. जरा गप बघू दे ना, असं मी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुना बापले कोन सांगी मंग?" आणि पुन्हा त्यांच्या कानाशी.

एका रविवारी भाऊ, मी आणि नाना जळगावला गेलो. दुकानात दोन्ही भिंतींवर टीव्हीच टीव्ही आणि सगळ्यांवर तोच एक धबधबा, तेच पोपट. विकणारा तरुण रंग किती खरे दिसतात ते सांगत सुटला होता. नानांनी पोपटांकडे बघितलंही नाही. ते एकेका टीव्हीच्या मागे हात घालून तळवा टेकवत चालले होते. जुन्या टीव्हीच्या डोक्यावर ते असाच हात ठेवायचे. आत आवाज असला की त्यांना तो हाताला लागायचा. चार-पाच टीव्ही तपासून झाल्यावर ते भावाला म्हणाले, "हाऊ ते मुका शे." विकणाऱ्याला ते झोंबलं असावं. त्याने आवाज इतका चढवला की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नानांनी नकाराची मान हलवली. मग त्याने कुठूनसा बिनवायरचा मोठा हेडफोन काढला, टीव्हीला जोडला आणि नानांच्या कानांवर चढवला.

नानांचा चेहरा बदलला. ते मागे सरकले, मग पुढे झाले, मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पानी पडी ऱ्हायनं व!" भावाचे डोळे भरले. आम्ही तिथेच टीव्ही घेऊन टाकला, आमच्या खोलीच्या मानाने नाकापेक्षा मोती जड असा, आणि वर हेडफोन.

बसवायला माणूस आला तेव्हा त्याला नेमकी मायच्या फोटोची भिंत हवी होती. तीच एक सरळ, तिच्यावर उजेड येत नाही. नाना म्हणाले, "फोटो हालवाना नई." मग टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर चढला, आणि दिवसा दार उघडं असलं की त्यात आमच्या गल्लीतल्या शेळ्या दिसतात. नव्या वस्तूला आमच्याकडे नारळ फुटतो, कुंकू लागतं. या वेळी कोणी त्याचं नाव काढलं नाही. माणूस खोकी घेऊन गेला आणि वहिनीने भिंतीची भुकटी झाडून काढली.

पहिल्या संध्याकाळी नानांनी हेडफोन लावला आणि टीव्हीचा सगळा आवाज त्यांच्या कानात गेला. आम्हाला काही नाही. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत होती आणि आम्ही तिघं बहिऱ्यासारखे नानांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना सगळ्यात आधी पार्श्वसंगीताने चकित केलं. "यास्ना घर दिनभर वाजा वाजत ऱ्हास का?" असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं ही सीरियल बघून त्यात संगीत असतं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण माय संगीत कुठून सांगणार? मग सून बोलली, आणि नानांचं तोंड उतरलं. "हाई ते बारीक बोलस," म्हणाले. त्यांच्या लेखी त्या घरातली सासू, सून, मालक, नोकर, सगळी आजवर मायच्या आवाजात बोलत होती. आता प्रत्येकाला आपापला आवाज आला होता आणि तिचा गेला होता.

तरीही औषध लागू पडतंय असं वाटू लागलं. नाना संध्याकाळी वेळेवर खाटेवर बसायचे, हेडफोन चढवायचे, भाकरी पूर्ण संपवायचे. भाऊ मला फोनवर विजयी सुरात सगळं सांगायचा. मी आले की आत्यासुद्धा दारातून डोकावून जायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, चांगलं झालं. रडणं तेवढं राहिलं होतं. पण जेवतोय, बघतोय, तर रडेलही कधीतरी, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो.

मग एका शनिवारी मी पोचले तेव्हा दिवा नुकताच लागला होता. भाऊ बाहेर गेला होता. वहिनी आणि मी खाली बसून मेथी निवडत होतो आणि अधूनमधून पडद्याकडे बघत होतो. बंगल्यात कसलीतरी पूजा चालली होती. सून रडत होती. भिंतीवर सासूचा फोटो, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर फोटोला घातलेल्या हारातलं फूल न् फूल दिसत होतं. नानांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"हाई ते सुरतले शे ना?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. कोण सुरतला, असं मी हाताने विचारलं.

"हाई सासू. सुरतले आंडेरनी जोडे ऱ्हास ना? तुमनी माय म्हने."

सासू सुरतला, लेकीजवळ? वहिनीने तोंडाला पदर लावला. नानांना ऐकू जाणार नव्हतंच, तरी ती खालच्या आवाजात सांगू लागली. माय त्यांना सीरियलमधलं कोणाचंही मरण सांगायची नाही. कोणी मेलं की ते माणूस सुरतला जायचं. आमच्याकडे दर घरातलं कोणी ना कोणी पोटासाठी सुरतला गेलेलं असतं, त्यामुळे दिसत नाही तो सुरतला, यावर कोणी पुढे विचारत नाही. चिता पेटायची वेळ आली की माय नानांना दूध आणायला पिटाळायची. जुन्या पडद्यावर फोटोचा हार काही त्यांच्या नजरेत भरत नव्हता. "मी विचारलं होतं एकदा," वहिनी म्हणाली, "तर म्हणाल्या, दिवा लागलेल्या घरात मेला, मेली असं ओरडू कशी? आणि हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येत नाही."

मला हसू आलं. खरंच आलं, माय गेल्यानंतर पहिल्यांदा. वहिनीही हसू लागली. मायची ही युक्ती मला इतकी मायची वाटली की ती आत स्वयंपाकघरात असती तर मी उठून तिला चिमटा काढला असता. हसता हसता वर बघितलं तर नाना आमच्याकडे बघत होते. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर घेतला होता.

"आन तो वकील?" त्यांनी विचारलं.

वहिनीचं हसू थांबलं. तिने मान हलवली. वकीलही गेला होता.

"त्याना मोठा भाऊ?"

तोही. नाना आठवून आठवून एकेक विचारत राहिले, सुरतला गेलेली सगळी माणसं, आणि वहिनी दर वेळी मान हलवत राहिली. तिला दुसरं काही करता येईना. शेवटी ते म्हणाले, "बठ्ठाच मरी ग्यात?" सून पडद्यावर अजून रडत होती. मांडीवरच्या हेडफोनमधून तिचा आवाज मच्छराएवढा येत होता.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दवाखानामा डॉक्टर काय बोलना व्हता?"

जळगावच्या दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा खाटेजवळ नाना आणि मी होतो. डॉक्टर अर्धं इंग्रजीत, माझ्याकडे बघून, खालच्या पट्टीत बोलले. किडन्या थांबल्या आहेत, आता आमच्या हातात काही नाही, आजची रात्र निघेल असं वाटत नाही, माणसं बोलावून घ्या. माय डोळे मिटून पडली होती, पण तिने सगळं ऐकलं. डॉक्टर गेल्यावर नानांनी विचारलं, "काय म्हनस?" मी तोंड उघडायच्या आत मायने त्यांना हाताने जवळ बोलावलं. दुपारपासून तिच्या अंगात पाणी मागण्याचंही त्राण नव्हतं. तिने नानांचा उजवा कान तोंडाशी ओढला आणि कुठून आणला देव जाणे, पण तोच सीरियलचा आवाज काढून ओरडली, "बरं शे म्हनस! दोन दिनमा घर सोडस! तुमी घर जा, सकाय मनं हिरवं लुगडं लई या!" शेजारच्या खाटेवरच्या बाईने दचकून बघितलं. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी बाहेर जाऊन आम्हाला चहा सांगितला, आणि मग ते धरणगावच्या गाडीने घरी गेले. सकाळी ते पिशवीत लुगडं घालून परत आले तेव्हा माय पहाटेच गेलेली होती. सवाष्ण बाईला हिरव्या लुगड्यातच नेतात. तिला त्याच लुगड्यात नेलं.

एवढं सगळं होऊनही नानांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. माणूस बरं होता होताही जातं, तसं ती गेली, असं ते धरून चालले होते. मायने सांगितलं ते खरं, यावर त्यांचं जग उभं होतं. ऐकू येण्याचा त्यांना दुसरा रस्ताच नव्हता.

"काय बोलना व्हता डॉक्टर?" त्यांनी पुन्हा विचारलं.

वहिनी म्हणाली, उद्या सांगा ताई, आता दिवा लागलाय. मी उठले, खाटेवर त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. हे हळू सांगायचं कसं ते मला कळेना, आणि हळू सांगून उपयोगही नव्हता.

"ती वाचाव नई, असं बोलना व्हता!" मी ओरडले. "तिले म्हाईत व्हतं, नाना!"

समोरच्या घरातलं कोणीतरी दारात आलं. नानांनी माझं मनगट धरलं. ते आधी नुसते हलले, आणि मग त्यांनी तोंड उघडून हंबरडा फोडला. स्वतःचं रडणं त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते किती मोठं आहे हे त्यांना कळत नव्हतं. आत्या अनवाणी धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी त्यांना धरून बसले होते, आणि ते त्या रडण्यातून मला एकच विचारत होते, पुन्हा पुन्हा.

"मले म्हाईत ऱ्हातं, ते मी लुगडं लेवाले घर येतू का व? तिले एकलीले सोडीसन येतू का?"