धड्यातला मामेभाऊ

मास्तरांनी आपली आत्या मारली ती नाइलाजाने. तिला जन्म दिला होता तोही नाइलाजानेच.

बावीस वर्षांपूर्वी मास्तर आणि टेलर भाड्याची खोली बघायला आले, तेव्हा घरमालकीण आजींनी जिन्यातच विचारलं, "हे तुमचे कोण?" मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत. प्रश्न आला की एका वाक्यात उत्तर द्यायचं, ही सवय. "माझा आतेभाऊ," ते म्हणून गेले. टेलर खाली गाडीतून शिलाई मशीन उतरवत होता, त्याला हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळी नळावर आजींनी त्याला तोच प्रश्न टाकला आणि त्यानेही तोंडाला आलं ते सांगितलं, "माझा मामेभाऊ."

आजी तरातरा वर आल्या. "तुम्ही म्हणता आते, तो म्हणतो मामे. मला काय दूधखुळी समजलात?"

मास्तरांच्या खिशात खडू असे. त्यांनी दाराच्या फळीवर वडील काढले, वडिलांची बहीण काढली, तिच्याखाली टेलर काढला. "तो माझ्या आत्याचा मुलगा, म्हणून माझा आतेभाऊ. मी त्याच्या मामाचा मुलगा, म्हणून त्याचा मामेभाऊ. दोन्ही बरोबर आहे, आजी."

आजींनी खडूच्या रेषेवरून बोट फिरवलं आणि खोली दिली. खोटं त्यांना खपत नसे. पण इतकं शुद्ध खोटं त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यासमोर आलं नव्हतं. दोघांनी परस्पर मारलेल्या दोन थापा तंतोतंत जुळल्या. इतकी जुळलेली जोडी त्या गल्लीत दुसरी नव्हती.

घोटाळा एवढाच झाला, की फळीवर एक बाई उभी राहिली: मास्तरांची आत्या, म्हणजे टेलरची आई. आजींना तिचा लळा लागला. आत्या बरी आहे का? एकटीच राहते? गुडघे कसे आहेत तिचे? आजींचे स्वतःचे गुडघे दुखत, त्यामुळे आत्याचेही दुखणं भाग होतं. आजी तिच्यासाठी तेलाची बाटली देत, आणि ते तेल मास्तर मशीनच्या चाकाला घालत. पुढे आजींनी फर्मान काढलं, "तिला महिनाभर इकडे आणा. माझ्या डॉक्टरला दाखवू." तेव्हा दोघांनी रात्री चर्चा केली आणि सकाळी आत्या गेली.

झोपेत गेली, त्रास झाला नाही. टेलरने दुकान बंद ठेवलं. गल्ली समाचाराला आली. सगळ्यांत जास्त रडल्या आजी. टेलर मान खाली घालून बसला होता, कारण त्याला हसू येत होतं. लोक म्हणाले, किती धीराचा.

टेलरची खरी आई तेव्हा दूरच्या एका गावात हयात होती. मुलगा कोणाबरोबर राहतो हे कळल्यापासून तिने त्याचं नाव टाकलं होतं, एवढंच. चार वर्षांपूर्वी ती खरोखर गेली. भावाचा फोन आला, "गेली. येऊ नकोस." शाळा उघडायचे दिवस होते, दुकानात गणवेशांचा ढीग. त्या दिवशी आजी नातीचा फ्रॉक न्यायला आल्या. "डोळे का रे लाल?"

"कापडाचा भुगा गेला, आजी."

दुसरं काय सांगणार? गल्लीच्या लेखी त्याची आई केव्हाच गेली होती. आई काय दर काही वर्षांनी मरते? त्याने दुकान बंद ठेवलं नाही. त्या दिवसापासून टेलर आईबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि मास्तरांनीही पुन्हा कधी फळीवर कोणाचं नातं काढलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शिक्षण खात्याला जाग आली. तिसरीच्या इतिहासाला दोन पानांची पुरवणी आली. धडा साधा होता. मागच्या शतकातला डोळ्यांचा एक डॉक्टर आणि पुस्तकांची बांधणी करणारा एक कारागीर एका घरात राहत. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. तेव्हाच्या कायद्याने दोघांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते पुन्हा त्याच घरात राहू लागले. पुढे तो कायदा रद्द झाला. खाली स्वाध्याय: "तुमच्या ओळखीतल्या दोन घरांत कोण कोण राहतं, ते लिहा."

पालकांत आग लागली. लहान मुलांना हे शिकवायचं का, यावर सभा ठरली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मास्तरांना बोलावलं. "सभेत हा धडा तुम्हीच वाचून दाखवा. तुम्ही बिनलग्नाचे, सरळमार्गी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. निवड अचूक होती, फक्त कारण चुकलं होतं.

त्या संध्याकाळी टेलर काजं करत बसला होता. त्याने पुरवणी वाचली, घडी घालून परत दिली. "त्या दोघांतलं स्वयंपाकाचं कोण बघायचं?"

"लिहिलेलं नाही."

"मग काय इतिहास लिहिलाय! तू काय करणार?"

"वाचून दाखवणार. खाली बसणार."

"जप. खोली आजींची आणि गणवेशाचं काम शाळेचं. उद्या दोघींनी हात वर केले की आपण गाडीत, मशीनसकट." त्याने दोरा दाताने तोडला. "पण एक सांगतो मास्तर, मला भाऊ केलंस ते केलंस. त्या बिचाऱ्यांना नको करू."

सभा तिसरीच्याच वर्गात भरली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली, त्यामुळे सगळेच जरा चिडलेले होते. पालक समितीचे अध्यक्ष फरशीचे व्यापारी होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यात "कोवळी मनं" येत, म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यांना कोवळेसाहेब म्हणत. आजीही आल्या होत्या. मुलगा-सून कामावर, म्हणून नातीच्या वतीने.

मास्तरांनी धडा वाचला. पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ वाचायला लागला.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," कोवळेसाहेब उठले. उठताना बाक त्यांच्याबरोबर उचललं गेलं, ते दोघांनी सोडवलं. "आमचा कोणावर राग नाही. ज्याने त्याने आपापल्या घरात काय ते करावं. पण कोवळी मनं! आठ वर्षांच्या लेकराला हे असलं कशाला? त्यांचं वय निरागस असतं."

तिसरीचं इतिहासाचं मूळ पुस्तक त्यांच्यासमोर उघडं होतं. त्यात एक सम्राट भावाचे डोळे काढतो आणि वडिलांना कोंडतो. एका राजाला अकरा राण्या असतात, पैकी सात लढाईत जिंकलेल्या. एक सेनापती शत्रूच्या मुंडक्यांचा मनोरा रचतो, आणि मुलांना तो नीट कळावा म्हणून रंगीत चित्र दिलेलं असतं. खाली उपक्रम: "मनोऱ्याचे चित्र काढा व रंगवा." कोवळ्या मनांनी तो दरवर्षी फार सुंदर रंगवला होता. कोवळेसाहेबांच्या डोक्याच्या बरोबर मागे, भिंतीवर, त्यांच्या स्वतःच्या मुलाचा मनोरा पहिल्या बक्षिसाची पट्टी लावून टांगलेला होता.

एक आई म्हणाली, "पण माझ्या मुलीने विचारलं, दोन बाप्ये एका घरात का राहतात, तर मी काय सांगू?"

मागून एक बाप पुटपुटला, "आपण दोघं का राहतो, हे ती विचारत नाही ते नशीब समज." त्याची बायको शेजारीच होती. तो पुढे सभा संपेपर्यंत बोलला नाही.

मोठ्या बाईंना खातंही सांभाळायचं होतं आणि पालकही. त्यांनी तोडगा मागितला. कोवळेसाहेबांनी तो तयार करूनच आणला होता. "धडा शिकवा, आमची ना नाही. फक्त त्या दोघांना भाऊ करा. प्रेमाचं वाक्य तसंच राहू द्या, भावाभावांत प्रेम असतंच. खातं खूश, आपण खूश."

वर्गात सुटकेचा सुस्कारा निघाला. इतकं सोपं होतं तर! मोठ्या बाई हसल्या. "सर, तुम्ही तेवढं बदलून घ्याल ना? दोन शब्दांचं तर काम."

मास्तर बसायला निघाले होते. बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि ही गोष्टही. पण चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवून खाली बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"सख्खे भाऊ म्हणता येणार नाहीत," ते म्हणाले. "आडनावं वेगळी आहेत."

"मग चुलत!"

"चुलतभावांचंही आडनाव एकच असतं."

"अहो, मग मामेभाऊ करा की!" कोवळेसाहेब वैतागले. "नात्यांना काय तोटा आहे आपल्यात?"

मास्तरांनी खिशातून खडू काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला.

"करता येतं," ते शांतपणे म्हणाले. "पण मामेभाऊ म्हटलं की एक आत्या लागते. ती कुठे राहते, हे लोक विचारतात. तिचे गुडघे दुखायला लागतात. लोक तिला तेल पाठवतात, भेटायला बोलावतात. मग तिला मारावं लागतं. आणि तीच त्या दुसऱ्याची आई असते ना, म्हणजे जिवंत आईला मारावं लागतं. लोक समाचाराला येतात, मनापासून रडतात. पुढे ती आई खरंच जाते, आणि मुलगा काजं करत बसतो. कारण ती आधीच गेलेली असते." त्यांनी पुरवणीची घडी घातली. "दोन शब्दांचं काम नाही हे, बाई. मी करून पाहिलंय."

कोवळेसाहेबांना धड्यात आत्या कुठून आली ते कळेना. ते पानं उलटून शोधू लागले. बाकीच्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना कळलं. आजींना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि मास्तरांकडे न पाहता निघून गेल्या.

समितीने ठराव केला: धडा आहे तसा शिकवावा, मात्र त्यावर भर देऊ नये. भर न देता कसं शिकवतात, हे विचारण्याचं धाडस कोणी केलं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी घडलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेलरने घरातल्या मशीनचं डोकं टेबलावरून सोडवून फडक्यात गुंडाळलं. "असू दे बांधून. ऐनवेळी धावपळ नको."

आजी चार दिवस जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे बघत. पाणी वेळेवर सोडत, पण बोलणं बंद. गल्लीतल्या दोघींनी टेलरकडे शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. एक जण नंतर गुपचूप घेऊन आली, कारण दुसरा शिंपी बाह्या बिघडवतो.

पाचव्या दिवशी मास्तरांनी धडा शिकवला. भर दिला नाही. कोवळ्या मनांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, तुरुंगात जेवायला काय देतात. दुसऱ्याने विचारलं, मनोऱ्यासारखं याचं चित्र नाही का. तेवढ्यात आजींच्या नातीने हात वर केला.

"सर, ते तुरुंगात गेल्यावर घरमालकाने त्यांची खोली दुसऱ्याला नाही दिली?"

घरमालकाच्या घरात वाढलेल्या मुलीलाच सुचावा असा प्रश्न होता. मास्तरांनी पुरवणीतली ओळ बोटाने शोधली. "सुटल्यावर ते पुन्हा त्याच घरात राहू लागले, असं लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे दिली नसावी."

"मग तो चांगला होता," नात म्हणाली आणि खाली बसली. संध्याकाळी तिने घरी धडा जसाच्या तसा सांगितला. घरमालकासकट.

त्या दिवशी दिवेलागणीला आजी वर आल्या. समाचाराला बसल्या होत्या त्याच खुर्चीत बसल्या. फडक्यातलं मशीन त्यांना दिसलं.

"हे कोणी बांधायला सांगितलं?"

टेलरने फडक्याची गाठ चाचपली.

"तेलाच्या बाटल्या किती दिल्या मी तुम्हाला! ते तेल कोणाच्या गुडघ्यांना लावलंत?"

"मशीनच्या," टेलर म्हणाला.

"तरीच इतकी वर्षं कुरकुरलं नाही." आजींनी मास्तरांकडे मोर्चा वळवला. "आणि तुम्ही! शिक्षक म्हणवता. दारावर चित्रं काढून मला शिकवलंत. त्या बाईसाठी मी दोन दिवस जेवले नाही. माझा नवरा गेला तेव्हासुद्धा मी जेवले होते, माहीत आहे?" हे बराच वेळ चाललं. मास्तर उभे होते, उशिरा आलेल्या पोरासारखे. "आता कोणी विचारलं, वर कोण राहतं, तर काय सांगू? जाऊ म्हणू, साडू म्हणू, व्याही म्हणू? एवढे शब्द पडलेत, तुमच्यापुरता एक सापडला नाही कोणाला?"

"टेलर आणि मास्तर राहतात म्हणा," टेलर म्हणाला.

"ते धंदे झाले. लोक नातं विचारतात." आजींनी हात झटकला. "राहू दे. ज्याला विचारायचं त्याला वर पाठवीन. तुम्हीच सांगा, भर न देता."

त्या जायला उठल्या आणि पुन्हा बसल्या. आवाज उतरला.

"खरी केव्हा गेली रे?"

"चार वर्षं झाली, आजी. तुम्ही फ्रॉक न्यायला आला होतात त्या दिवशी."

"भुगा गेला म्हणालास."

"हो."

आजींनी पदर नीट केला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि समाचाराला आलेल्या माणसाने पहिल्यांदा विचारायचं असतं ते विचारलं.

"काय झालं होतं तिला?"

टेलरने मास्तरांकडे पाहिलं. मग तो सांगू लागला.