विहीणबाईंची हरकत

उभ्या वऱ्हाडात भाजीला तिचं गाव विचारल्याशिवाय घास न घेणारी एकच बाई असेल, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू निघाली. मुलगी पाहायला ही मंडळी अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली, तेव्हा या बाईंनी मुलीकडे एकदा आणि ताटातल्या कोशिंबिरीकडे तीनदा पाहिलं. "टमाटर कुठला?" मी म्हणालो, "फ्रिजमधला." "तसं नाही. गाव कोनतं त्याचं?" भाजीवाल्यानं बंगलोरचा म्हणून दिला होता, तेवढं मी सांगून टाकलं. त्यांनी फोड बोटानं दाबली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इवाई, हा तुमच्यापक्षा जास्त फिरला न!" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. लग्न ठरल्याचं मला त्या एका शब्दावरून कळलं. मेथी आमच्या मागल्या अंगणातली होती म्हणून होकार दिला, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. मुलीच्या एम.कॉम.चा विषय अजूनही निघालेला नाही.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला त्यांची वाडी. पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारं माळ्याचं घर. पदराच्या गाठीत कायम बिया, आणि मोकळी माती दिसली की हात थांबत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दवाखान्यात आल्या, मिनिटभर माझी चौकशी केली आणि व्हरांड्यातल्या शोभेच्या कुंड्यांत सांभार पेरून गेल्या. सांभार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. महिन्याभरानं मी तपासणीला गेलो, तर नर्सबाई त्यातलीच चार पानं खुडून डब्यातल्या वरणावर घालत होत्या. एकदा तर विहीणबाईंनी चक्क मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर कोहळ्याचा वेल चढवला. उद्यान खात्याचा माणूस ओरडत आला, "बाई, हा दुभाजक आहे!" त्या म्हणाल्या, "म्हनूनच लावला. दोनी बाजूच्या लोकाईले तोडता येते."

हसण्यावारी नेण्यासारखी बाई, असंच मी धरून चाललो होतो. मग एका पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली गेले, चार दिवस भाजीचा एकही ट्रक शहरात आला नाही, आणि सारी वस्ती त्यांच्या फाटकाशी उभी राहिली. दर घराला एक जुडी पालक आणि चार दोडकी. माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, शेजारणीसाठी जास्तीची जुडी मागायला गेली, तर तिलाही रांगेत उभं केलं.

पुढच्याच वर्षी शहराचा नवा विकास आराखडा लागला. अर्धी वाडी रुंद रस्त्यात आणि उरलेली सार्वजनिक उद्यानात. हरकत नोंदवायला त्या मला सोबत घेऊन गेल्या. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो, कारण त्यांच्या पिशवीतून वांगी डोकावत होती. समोर तरुण नगररचनाकार होता.

"उद्यानात काय लावसान, बापू?"

"लॉन लावू, आजी. शोभेची झाडं."

"लॉन कोन खाते?"

"कोणी नाही खात."

"मंग लावता काहून?"

त्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या आणि मला एकेक रंग वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "शाळा हाय, दवाखाना हाय, मसनवटा बी हाय. मेल्यावर मानूस कुठं न्यायचा ते लिवलं तुमी. जित्तेपनी त्यानं काय खायचं, ते कुठं हाय यात?"

पोरगा चांगला होता. "आजी, हे परत सांगा, लिहून घेतो," म्हणाला. नंतर एका रविवारी स्वतः वाडी बघायला आला, भाकर-वांग्याची भाजी खाऊन गेला, जाताना विहिरीचं मापही घेतलं. मंजूर आराखडा आला तेव्हा उद्यान खोडून तिथं 'भाजीपाला लागवडीसाठी राखीव' असं लिहिलेलं होतं. रस्ता मात्र हलला नाही. नदीवरचा पूल आधीच बांधून तयार होता, आणि त्याला कुठंतरी उतरणं भाग होतं.

जेसीबी आला त्या सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. मला वाटलं, बाई आडव्या पडतील. त्यांनी फक्त हात वर केला. "थांब रे बापू. भेंडी तोडाची राहिली." चालकानं इंजिन बंद केलं, घटकाभर वाट पाहिली आणि शेवटी खाली उतरून स्वतःच तोडायला लागला. मग सोबत आलेला इंजिनिअर, मग मी. शर्ट खोचलेली माणसं वाफ्यांत वाकलेली, आणि मागून त्यांचा आवाज, "कवळी घ्या, इवाई, निबर नको!" शेवटची ओळ झाली तशी त्या बांधावर जाऊन बसल्या. माती उलटताना एकदाही तिकडं पाहिलं नाही. मांडीवरच्या भेंड्या निवडत राहिल्या, निवडलेल्याच पुन्हा निवडत राहिल्या.

आता तो रस्ता गुळगुळीत झाला आहे. उरलेल्या अर्ध्या वाडीत विहीणबाई आहेत, आणि त्या थकल्या आहेत. मुलगा कंपनीत जातो. माझी लेक रविवारी वाफे सांभाळते, जमेल तसे. परवा गेलो तेव्हा कट्ट्यावर बसून आम्ही दोघं धावत्या गाड्या बघत होतो. काही बोलावं म्हणून मी म्हटलं, "विहीणबाई, रस्ता मात्र चांगला झाला."

"हो न," त्या म्हणाल्या. "तुमी लवकर पोचता आता." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग जासान जरा उशिरानं."